गोमतीचे तापमान आणि माझे चारित्र्य

माझे चारित्र्य चांगले आहे हे सिद्ध करायला मला सतरा दिवस लागले. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करायला दोन वर्षे लागली होती, पण तिथे निदान अभ्यासक्रम छापील मिळत असे.

नेमणुकीचे पत्र २ जानेवारी १९७९ रोजी आले. राज्य सरकारच्या एका खात्याची पाणी तपासण्याची प्रयोगशाळा होती आणि तिथे कनिष्ठ रसायनज्ञाची एक जागा होती. परीक्षा होऊन चौदा महिने मी घरी बसले होते. 'बसले होते' हे शब्द आईचे. प्रत्यक्षात त्या चौदा महिन्यांत मी भोपाळच्या पिपलानीत, म्हणजे आमच्या सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, अकरा मुलांना फुकट गणित शिकवले, तीन लग्नांच्या रुखवतांवर अक्षरे काढून दिली आणि महाराष्ट्र मंडळाचा वार्षिक अहवाल दोनदा शुद्ध करून लिहिला. शिकलेली मुलगी घरात असली की ती सार्वजनिक नळासारखी होते. येणारा-जाणारा भांडे लावून जातो. मधे मंडीदीपच्या एका कारखान्याने मुलाखतीला बोलावले होते. तिथल्या साहेबांनी माझ्या सगळ्या उत्तरांवर मान डोलावली आणि शेवटी सांगितले की आमच्याकडे बायकांसाठी स्वच्छतागृह नाही, तेव्हा नोकरीही नाही. हे कारण मला प्रामाणिक वाटले, पण त्याचा उपयोग काही झाला नाही.

म्हणून हे पत्र मी तीनदा वाचले. मूळ गुणपत्रिका आणायच्या होत्या, वैद्यकीय दाखला आणायचा होता आणि चारित्र्याचे दोन दाखले आणायचे होते. एक दाखला शेवटच्या शिक्षणसंस्थेच्या प्रमुखाचा. दुसरा अशा राजपत्रित अधिकाऱ्याचा, जो त्या संस्थेतला नाही, उमेदवाराचा नातेवाईक नाही आणि उमेदवाराला किमान तीन वर्षे व्यक्तिशः ओळखतो. कागद १९ जानेवारीला सायंकाळी पाचपर्यंत न आल्यास नेमणूक रद्द समजून प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावले जाईल.

पुढचा उमेदवार कोण, हे मला ठाऊक होते. तो माझ्याच वर्गातला गजानन होता. पिपेट तोंडाने ओढताना त्याने दोन वर्षांत दोनदा ॲसिड प्यायले होते. शहराच्या पाण्याच्या दृष्टीनेही मी वेळेत पोचणे आवश्यक होते.

प्राचार्यांचा दाखला एका तासात मिळाला. त्यांनी माझ्याकडे न बघताच मी सुशील असल्याची सही केली. दुसऱ्या दाखल्याचे कलम बाबांनी वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, "हे तर मागच्या दारीच आहे."

मागच्या दारी म्हणजे टेंबेकाका. नरहर टेंबे, कारखान्यात ट्रान्सफॉर्मरच्या विभागात डेप्युटी मॅनेजर. टाउनशिपमध्ये माणसाची योग्यता क्वार्टरच्या खोल्यांवरून मोजत. आमचे क्वार्टर दोन खोल्यांचे, टेंबेकाकांचे चार खोल्यांचे, आणि त्यांच्या मागे नाल्यापर्यंत मोकळी जागा. त्या जागेत गोमती नावाची गाय होती. टाउनशिपमध्ये जनावर पाळायला मनाई असल्यामुळे ती कुणाची नव्हती. नगर प्रशासनाने काकांना तीन नोटिसा दिल्या होत्या आणि तिन्ही वेळा काकांनी, माझ्याकडे कोणतेही जनावर नाही, असे लिहून सही केली होती. गोमतीचा गोठा काकांच्या भिंतीला टेकलेला होता, पण भिंत कारखान्याची होती.

सही हा काकांचा विशेष होता. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी इब्राहिमपुऱ्यातून एक रबरी शिक्का करून आणला होता. त्यावर 'सत्यप्रत' असे मोठ्या अक्षरांत, खाली त्यांचे नाव आणि हुद्दा. दर रविवारी सकाळी आंघोळ करून ते व्हरांड्यात बसत. पिपलानी, बरखेडा, थेट इंद्रपुरीपासून लोक गुणपत्रिकांच्या नकला घेऊन येत. मालतीकाकू सगळ्यांना चहा देत. काका जांभळ्या शाईत शिक्का बुडवत आणि धाडधाड उठवत. मूळ प्रत बघायला ते मागत नसत. "माणूस बघितला की कळतं," असे ते म्हणत, आणि माणसाकडेही बघत नसत.

माझ्या दाखल्यासाठी मात्र त्यांनी खास कष्ट घेतले. टायपिस्टला बसवून पूर्ण पानाचा मजकूर घातला. आयुष्य ट्रान्सफॉर्मर तपासण्यात गेल्यामुळे भाषा थोडी तिकडची होती. कुमारी प्रतिभा मोघे हिला मी बारा वर्षे ओळखतो, या काळात तिच्या वर्तनात कोणताही दोष आढळलेला नाही, ती सर्व ऋतूंत समाधानकारक काम देते आणि दीर्घ सेवेस योग्य आहे. खाली सही आणि शिक्का.

"चालेल ना?" काकांनी विचारले.

"चांगलं आहे काका," मी म्हणाले. मला 'सर्व ऋतूंत' हे शब्द काढून टाकावेसे वाटत होते, पण नोकरी मागणाऱ्याने शैलीबद्दल बोलू नये.

५ जानेवारीला मी खात्याच्या कार्यालयात गेले. तिथे श्रीवास्तवबाबू नावाचे गृहस्थ होते. मफलर कानांवरून बांधलेला, समोर पितळी डब्यात पान. त्यांनी माझे सगळे कागद ओळीने वाचले. खरोखर वाचले. वाचणाऱ्या माणसाचे ओठ थोडे हलतात, तसे त्यांचे हलत होते. मला त्यांच्याबद्दल आदर वाटू लागला आणि तेवढ्यात त्यांचे ओठ थांबले.

"ये टेंबे साहब किस गजट में हैं?"

मी सांगितले की ते कारखान्यात डेप्युटी मॅनेजर आहेत.

"ओहदा नहीं पूछा, बेटी. गजट पूछा."

मग त्यांनी मला समजावून सांगितले. राजपत्र शासन छापते. राजपत्रात ज्याची नेमणूक छापून येते तो राजपत्रित. कारखाना सरकारचा असला तरी तो निगम आहे. निगमाचा अधिकारी कितीही मोठा असो, त्याचे नाव राजपत्रात येत नाही. "आपके कारखाने के सबसे बड़े साहब भी दस्तखत कर दें, मेरे लिए वो पड़ोसी ही हैं."

त्यांनी एक पिवळी पडलेली यादी काढली आणि मी तिची नक्कल करून घेतली. तहसीलदार, सिव्हिल सर्जन, सरकारी महाविद्यालयाचे प्राध्यापक, अवर सचिव आणि असे एकूण बावीस प्रकार. बाविसावा पशुचिकित्सक होता. मी तेव्हा त्याच्याकडे लक्ष दिले नाही. यादीच्या शेवटच्या ओळीकडे दुर्लक्ष करू नये, हे मी दुसऱ्यांना शिकवत असे.

परतीच्या टेम्पोत मी हिशेब केला. भोपाळात या तीनचाकी टेम्पोला भटसुअर म्हणतात आणि त्यात बसल्यावर दुसरे काही करता येत नाही, म्हणून विचार करावा लागतो. आमच्या टाउनशिपमध्ये इंजिनिअर होते, डॉक्टर होते, शाळेचे मुख्याध्यापक होते, पण सगळे कारखान्याचे. हजारो माणसे, शेकडो साहेब आणि ज्याच्या लेखी मी सुशील ठरू शकेन असा एकही माणूस नाही.

ही बातमी काकांना बाबांनी सांगितली. हळू सांगितली, पण ती कशीही सांगितली असती तरी तशीच लागली असती.

"माझ्या हाताखाली तीनशे माणसं आहेत, सुधाकरराव," काका म्हणाले.

"आहेत ना."

"मी सही केल्याशिवाय ट्रान्सफॉर्मर गेटबाहेर जात नाही."

"नाहीच जात."

"आणि एक पोरगी सुशील आहे, एवढं म्हणायचा मला अधिकार नाही?"

बाबांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले, "म्हणायचा आहे काका. शिक्का मारायचा नाही." मी नेमकेपणासाठी बोलले होते. नेमकेपणाला आमच्या घरात कधी कुणी चांगले म्हटलेले नाही, आणि त्या दिवशी टेंब्यांच्या घरातही म्हटले नाही.

इथवर प्रकरण दोन घरांतले होते. पण टाउनशिपमध्ये सकाळच्या भोंग्याबरोबर माणसे कारखान्यात जातात आणि बातम्या घरोघर. रविवारी काकांच्या व्हरांड्यात एकही माणूस आला नाही. सगळे आमच्याकडे आले.

पहिल्या प्रमिलाकाकू. त्यांचा विश्वास जबलपूरला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि त्याच्या साऱ्या कागदांवर काकांचा जांभळा शिक्का होता.

"त्याला काढून टाकतील का गं?" त्यांनी विचारले.

"माहीत नाही काकू."

"तू एकदा त्या बाबूला जाऊन सांग ना, की टेंबेसाहेब गॅझेटेड आहेत म्हणून."

"पण ते नाहीत."

"अगं, पण नऊ वर्षं होते की."

मग बाकीचे आले. कुणाचा जावई बँकेत होता, कुणाची सून शिक्षिका. नऊ वर्षांत काकांनी निम्म्या टाउनशिपला खरे करून सोडले होते आणि ते सगळे खरेपण माझ्यामुळे धोक्यात आले होते. "तुला तरी सरकारी नोकरीच कशाला हवी होती?" असे मला तीन वेगवेगळ्या माणसांनी विचारले. आईने एकूण एकोणतीस कप चहा केला.

उपायही सुचवले गेले. माझे मामा उज्जैनला तहसीलदार होते, पण नातेवाईक चालत नव्हता. प्रमिलाकाकूंनी सुचवले, की महिनाभर मामांना मामा म्हणू नकोस. बाबांच्या एका मित्राने सांगितले, की टी.टी. नगरात वाडेगावकर म्हणून अवर सचिव आहेत, आपल्यातलेच, तिळगूळ द्यायला म्हणून जा आणि विषय काढ.

तसा १४ तारखेला संक्रांतीचा रविवारही होता. दुपारी आमच्याकडे हळदीकुंकू झाले. मालतीकाकू आल्या. त्यांनी आईच्या हातावर तिळगूळ ठेवला, माझ्याही हातावर ठेवला आणि 'गोड बोला' हे शब्द दोन्ही वेळा गाळले. काकूंशी माझे आधीचेही एक प्रकरण होते. बी.एस्सी.ला असताना मी कॉलेजातला दुग्धमापक घरी आणला होता आणि गोमतीचे जे दूध त्या आम्हाला देत, त्यात पाणी किती आहे, ते त्यांना टक्केवारीत सांगितले होते. त्यांनी विचारलेले नव्हते.

संध्याकाळी मी आणि बाबा वाडेगावकरांकडे गेलो. भालचंद्र वाडेगावकर छप्पन्न साली राज्यपुनर्रचनेत नागपूरहून खात्याबरोबर भोपाळात आलेले. सडपातळ, स्वच्छ धोतर, भिंतीवर तीन कॅलेंडरे आणि तिन्हींवर तारीख बरोबर. त्यांच्या बायकोने आम्हाला गोळे-भात वाढला. मग त्या माझे गोत्र विचारू लागल्या, कारण रविवारी संध्याकाळी वडिलांबरोबर कुणाच्या घरी येणाऱ्या मुलीचे दुसरे काम काय असणार. ते निस्तरण्यात वीस मिनिटे गेली. मग बाबांनी विषय काढला.

वाडेगावकरांनी पत्र वाचले आणि शांतपणे खाली ठेवले.

"मुलगी चांगली दिसते," ते म्हणाले.

"आहेच," बाबा म्हणाले.

"पण इथे लिहिलंय, तीन वर्षे व्यक्तिशः ओळखतो. मी हिला पन्नास मिनिटं ओळखतो. खोटं कसं लिहू?"

"तसं सगळेच लिहितात हो," बाबा म्हणाले.

"म्हणून तर सगळीकडे चांगल्या चारित्र्याची माणसं भरली आहेत." ते माझ्याकडे वळले. "बेटा, तूच सांग. माझं चुकतंय का?"

मला त्यांचा मुद्दा पटला होता, हेच माझे दुर्दैव. मी म्हणाले, "नाही काका. बरोबर आहे तुमचं."

बाबांनी डोळे मिटून घेतले. वाडेगावकर खूष झाले आणि आम्हाला फाटकापर्यंत पोचवायला आले. "असंच येत-जात राहा," ते म्हणाले, "तीन वर्षांनी मी आनंदानं लिहून देईन."

बस गोविंदपुऱ्याला आल्यावर बाबा म्हणाले, "एकदा तरी चूक आहे म्हणून बघायचं होतंस."

त्या रात्री मी यादी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचली आणि बाविसाव्या ओळीशी थांबले. पशुचिकित्सक.

आता गोमतीकडे यावे लागेल. पंचाहत्तर साली गोमती आजारी पडली होती. काकांनी शहरातल्या सरकारी दवाखान्यातून जनावरांचे डॉक्टर आणले. डॉक्टर श्याम चौरसिया. त्यांनी सांगितले, की दिवसातून दोनदा ताप मोजा आणि लिहून ठेवा. काकांना चष्म्याशिवाय पारा दिसत नसे आणि चष्मा घालून त्या बाजूला जाणे त्यांना प्रतिष्ठेचे वाटत नसे. काकूंना गोमतीने एकदा लाथ मारली होती. विज्ञानाची विद्यार्थिनी म्हणून थर्मामीटर माझ्या हाती आला. डॉक्टरांनी दहा दिवस लिहायला सांगितले होते. पण कधी थांबायचे हे कुणी सांगितले नाही, म्हणून मी साडेतीन वर्षे लिहीत राहिले. आलेखाच्या वहीवर, दशांशासह, सकाळ लाल, संध्याकाळ निळी. डॉक्टर वर्षातून दोन-तीनदा येत, वही बघत, मला दोन प्रश्न विचारत आणि जात. म्हणजे मला व्यक्तिशः तीन वर्षांहून अधिक ओळखणारा, नातेवाईक नसलेला, राजपत्रित अधिकारी या जगात होता. आमची ओळख गाईच्या मागच्या बाजूला झालेली होती, पण पत्रात जागेबद्दल अट नव्हती.

१६ तारखेला मी वही घेऊन दवाखान्यात गेले. दोन म्हशी, एक घोडा आणि पाच शेळ्या यांच्यानंतर माझा नंबर आला. डॉक्टर चौरसियांनी मला लगेच ओळखले.

"अरे, दशमलव वाली बिटिया. आपकी गाय कैसी है?"

मी दाखल्याचे सांगितले. त्यांनी पेन उघडले. मग कंपाउंडरला जुने रजिस्टर आणायला सांगितले, कारण तारीख बरोबर हवी. रजिस्टर आले, त्यांनी बोट फिरवले आणि वाचले, "बाईस अगस्त पचहत्तर. गाय, रंग भूरा. मालिक, कुमारी प्रतिभा मोघे, पिपलानी. लीजिए, साढ़े तीन साल होने को आए."

मी रजिस्टर माझ्याकडे वळवून घेतले. अक्षर टेंबेकाकांचे होते.

काकांनी प्रशासनाला लिहून दिले होते की माझ्याकडे जनावर नाही. दवाखान्यात मालकाचे नाव लागते. ते भरताना त्यांना थर्मामीटर धरून उभी असलेली मुलगी आठवली असेल. साडेतीन वर्षे मी एका गाईची सरकारी मालकीण होते. घरी दूध मात्र पाणी घातलेले येत होते.

मला तिथे फक्त गप्प बसायचे होते. पेन उघडलेले होते, कागद समोर होता, तीन दिवस उरले होते. पण चारित्र्याचा दाखला खोट्या नोंदीवर घ्यायचा, हे वाक्य मनात तयार झाल्यावर ते मोडेना. वाडेगावकरांचा भात अजून पोटात होता.

"डॉक्टरसाहब," मी म्हणाले, "गाय मेरी नहीं है."

त्यांनी पेन बंद केले. मी सगळे सांगितले. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, की काम आत्ताच संपले असते, पण आता त्यांचे रजिस्टर चुकीचे ठरले आहे. गाईचा खरा मालक येऊन सही करेल, नोंद दुरुस्त होईल, मग ते लिहून देतील. "वरना कल कोई पूछे कि आप इन्हें कैसे जानते हैं, तो मैं क्या कहूँ? एक ऐसी गाय के ज़रिये जो इनकी है नहीं?"

त्या संध्याकाळी बाबा आणि मी टेंब्यांकडे गेलो. काका व्हरांड्यात होते. समोरच्या टेबलावर शिक्का नव्हता. दहा दिवसांत त्यांचा कोट मोठा झाल्यासारखा वाटत होता.

मी काय हवे ते सांगितले. काकांनी गोठ्याकडे पाहिले.

"तीन नोटिसांना उत्तर दिलंय मी, प्रतिभा," ते म्हणाले. "लेखी."

"हो काका."

"तिथे सही केली, की चौथी नोटीस नाही येणार. चौकशी येईल. दोन वर्षं राहिली आहेत माझ्या नोकरीची."

"हो काका."

"आणि तुझं नाव मी असंच घातलं होतं. तुझ्या नावाला कुणी काही विचारणार नाही म्हणून."

हे खरे होते. चौदा महिने मलाही तोच अनुभव येत होता. पण त्या क्षणी, का कोण जाणे, मला त्याचा राग आला. दुधाच्या पाण्याचाही इतका आला नव्हता. मी म्हणाले, "आता विचारतायत काका. पहिल्यांदाच. एकोणीस तारखेपर्यंत विचारणार आहेत."

आम्ही उठलो. तेवढ्यात आतून मालतीकाकू आल्या. हात ओले होते, गोमतीचे आंबोण कालवून आल्या होत्या.

"नऊ वर्षं," त्या काकांना म्हणाल्या, "लोकांच्या कागदावर खरं आहे, खरं आहे म्हणून शिक्के मारलेत. एकही वाचला नाहीत. आता एक वाचून मारा."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणि तू. दुधात पाणी मी घालत नव्हते. हे घालायचे. मला कळत नाही असं यांना वाटायचं."

बाबांनी माझी बाही ओढली आणि आम्ही निघून आलो.

१७ला काहीच घडले नाही. मी गोमतीचे तापमान घेतले. १०१.४, गाईच्या मानाने ठीक. आईने गजाननच्या घरचा पत्ता विचारला. अभिनंदनाला जावे लागेल, म्हणाली. आमच्याकडे अशी तयारी आधीपासून असते.

१८ला सकाळी भोंगा झाला, कारखान्याच्या सायकली गेल्या आणि मागच्या रस्त्यावर स्कूटर थांबली. टेंबेकाका टाय लावून होते. "बस," म्हणाले. मी मागे आलेखाची वही धरून बसले होते.

दवाखान्यात त्यांच्या आधी एक म्हैस होती. तीनशे माणसांचा साहेब म्हशीच्या मागे रांगेत उभा राहिला. मग डॉक्टरांनी रजिस्टर पुढे केले. काकांनी चष्मा घातला आणि २२ ऑगस्ट पंचाहत्तरची ओळ पूर्ण वाचली. माझे नाव एका सरळ रेघेने खोडले. वर लिहिले, मालक नरहर टेंबे. सही केली. मग त्यांचा हात आपोआप कोटाच्या खिशात गेला, शिक्का बाहेर आला आणि त्यांनी तो सहीशेजारी उठवला.

डॉक्टर चौरसियांनी शिक्क्याकडे पाहिले. "ये किसलिए?"

"आदत है," काका म्हणाले.

डॉक्टरांनी माझी वही मागून घेतली, ती पहिल्या पानापासून चाळली आणि दाखला हाताने लिहिला. तो अजून माझ्याकडे आहे. मराठीत त्याचा आशय असा: कुमारी प्रतिभा मोघे यांना मी ऑगस्ट १९७५ पासून व्यक्तिशः ओळखतो. त्या माझ्या नात्यात नाहीत. या काळात त्यांनी एका गाईचे, जी त्यांची नव्हती, तापमान दिवसातून दोनदा मोजले आणि कधीही जवळच्या पूर्ण अंकात सांगितले नाही. स्वतःच्या नुकसानीची शक्यता असताना त्यांना मी खरे बोलताना पाहिले आहे. चारित्र्य उत्तम. खाली सही आणि सरकारी गोल शिक्का.

१९ला सकाळी अकरा वाजता श्रीवास्तवबाबूंनी तो वाचला. ओठ हलले. मधे एकदा थांबले आणि माझा जीव गेला.

"ये गाय का प्रमाणपत्र है या आपका?"

"मेरा," मी म्हणाले. "गाय संदर्भ में है."

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचला. गोल शिक्का खिडकीकडे धरून बघितला. मग पान तोंडात घातले, रजिस्टर ओढले आणि माझे नाव लिहिले. "जॉइनिंग सोमवार को," म्हणाले. पुढे म्हणाले, "बाईस साल में पहली बार लगा कि लिखनेवाला सचमुच जानता है."

नंतरचे थोडक्यात सांगते. काकांची चौकशी झाली. त्यांना ताकीद मिळाली आणि गोमतीला टाउनशिपबाहेर जावे लागले. अवधपुरीकडे तेव्हा शेते होती. तिथल्या एका गवळ्याकडे ती राहिली. रविवारची सकाळ आता मोकळी असल्यामुळे काका स्कूटरवरून तिला बघायला जात. विश्वास इंजिनिअर झाला. बँकेतला जावई बँकेतच राहिला, सून शिकवत राहिली. कुणाच्याही केसाला धक्का लागला नाही. कारण नऊ वर्षांत, कुठल्याही कचेरीत, तो शिक्का कुणी वाचलाच नव्हता. वाचणारा पहिला माणूस नेमका माझ्या वाट्याला आला होता.

नऊ वर्षांनी मला बढती मिळाली. त्या नेमणुका राजपत्रात छापून येतात. मी ते कुणाला सांगितले नाही, पण दुसऱ्या आठवड्यात टेंबेकाका घरी आले. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती, हातात काठी होती. त्यांनी सरकारी छापखान्याच्या दुकानात तीन चकरा मारून राजपत्राचा तो अंक बघितला होता आणि त्यातल्या त्या पानाची नक्कल स्वतःच्या हाताने काढून आणली होती. माझ्या नावाखाली पट्टीने रेघ मारलेली. खाली तारीख, थरथरती सही आणि फिकट जांभळा शिक्का. सत्यप्रत.

"मूळ वाचून मारलाय," ते म्हणाले. "दोनदा."

ते गेल्यावर मी कार्यालयातून राजपत्राचा अंक मागवला आणि ओळ न् ओळ ताडून पाहिली.

बरोबर होती.